सायबर सुरक्षा विश्लेषक : व्यवसायाची एक नवी वाट

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वसतिगृहाच्या सभागृहात झालेल्या व्यवसाय-मार्गदर्शन व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या वसतिगृहात राहून माझे महाविद्यालयीन शिक्षण झाले, त्याच वसतिगृहाच्या सभागृहात सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी बोलण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे. गेली अनेक वर्षे मी पुण्यात संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करीत आहे. आमचे काम नेमके काय असते, हे नातेवाइकांना समजावून सांगणे हेच या व्यवसायातील सर्वांत अवघड काम आहे, असे मी नेहमी म्हणतो. कोणी म्हणतात, "म्हणजे तू हॅकर आहेस का रे?" कोणी आपला बंद पडलेला प्रिंटर दाखवितात. एका आजीबाईंनी तर चुकून पुसला गेलेला नातवाच्या बारशाचा फोटो परत आणून देशील का, असे विचारले होते. (तो मी आणून दिला, हे नमूद करावयास हरकत नाही.) म्हणून आज प्रथम हे काम काय आहे ते सांगतो, आणि मग त्या वाटेने कसे जावयाचे व जाताना कोठे जपावयाचे याकडे वळतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी व्यापार आहे, अडत आहे, नाही तर घरात एखादा तरी सनदी लेखापाल आहे. त्यामुळे या व्यवसायाची सुरुवातीची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षाही चांगली कळेल. १९८६ सालची ही हकीकत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉरेन्स बर्कले नावाची एक मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता. दुर्बिणीच्या प्रकल्पाचे अनुदान संपले, म्हणून त्याची रवानगी संगणक विभागात झाली. त्या काळी संगणकाचा वेळ वापरणाऱ्याला त्याचे पैसे मोजावे लागत, आणि त्याचा हिशेब दोन वेगवेगळ्या आज्ञावली ठेवीत असत. त्या दोन हिशेबांत महिन्याअखेर पंचाहत्तर सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा, फरक आला. त्या वेळच्या भावाने आपले नऊ-दहा रुपये. नव्या माणसाला काहीतरी काम द्यावयाचे म्हणून वरिष्ठांनी त्याला तो फरक शोधावयास सांगितले.

पाऊण डॉलरसाठी कोण डोके फोडून घेईल? पण ज्यांनी कीर्द-खतावणी लिहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, हजाराची चूक लवकर सापडते. चार आण्यांची चूक मात्र रात्र जागविते, आणि पुष्कळदा तिच्यामागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. स्टोलने शोध घेतला तेव्हा पत्ताच नसलेले एक खाते सापडले. कोणीतरी नऊ सेकंद संगणक वापरून पैसे न देता निघून गेले होते. पुढे लक्ष ठेवता असे दिसले की, बाहेरचा एक माणूस रात्री-अपरात्री आत शिरतो, मालकाचे अधिकार मिळवितो, आणि तेथून अमेरिकेच्या लष्करी संगणकांची दारे ठोठावितो. स्टोलने सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर गोळा केले, येणाऱ्या प्रत्येक तारेला एकेक जोडला आणि तो कार्यालयातच झोपू लागला. चोर काय टंकतो आहे त्याची अक्षरन् अक्षर नोंद कागदावर उमटू लागली. त्याने ही गोष्ट तपास यंत्रणांना कळविली, पण पाऊण डॉलरच्या चोरीत सुरुवातीला कोणाला रस नव्हता. शेवटी त्याने लष्करी प्रकल्पाची वाटावी अशी खोटी कागदपत्रे संगणकात रचून ठेवली. ती वाचण्याच्या मोहाने चोर बराच वेळ जोडलेला राहिला, आणि तेवढ्या अवधीत दूरध्वनीच्या तारांचा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत लागला. मार्कुस हेस नावाचा तो तरुण आणि त्याचे साथीदार मिळविलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला विकत होते. १९९० मध्ये त्यांना शिक्षा झाली.

सायबर सुरक्षा विश्लेषकाचे काम आजही तेच आहे. साधने बदलली, पगार बदलले, पण न जुळणारी नोंद सोडून न देण्याची वृत्ती ही या व्यवसायाची पहिली पात्रता आहे. ती आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या प्रयोगशाळेचा आमच्याशी काय संबंध? तर आपल्या जवळची गोष्ट घ्या. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र मधल्या एका संगणकामार्फत, ज्याला स्विच म्हणतात, बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारते की, या खात्यात पैसे आहेत का? मुख्य प्रणालीने होकार दिला तरच नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी या दोहोंच्या मध्ये आपला एक बनावट मध्यस्थ उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत जाईचना. मध्यस्थच प्रत्येक वेळी 'द्या पैसे' असे उत्तर देई. बनावट कार्डे घेतलेली माणसे अगोदरच जागोजाग उभी होती. काही तासांत अठ्ठावीस देशांतून सुमारे बारा हजार व्यवहारांद्वारे अठ्ठ्याहत्तर कोटी रुपये, आणि देशातल्या देशात आणखी सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. देशातील रकमेपैकी काही रक्कम आपल्या कोल्हापुरातील यंत्रांमधून निघाली. सोमवारी, १३ ऑगस्टला, जवळजवळ चौदा कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळते केले गेले. एकूण आकडा चौऱ्याण्णव कोटींच्या घरात गेला. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने जाहीर केले, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले.

या घटनेची तपशीलवार आठवण एवढ्यासाठी करून दिली की, एकाएकी एवढ्या देशांतून एकाच बँकेच्या कार्डांवर पैसे निघत असतील, तर ती गोष्ट दहा मिनिटांत कोणाच्या तरी नजरेस पडली पाहिजे, आणि ज्याच्या नजरेस पडेल त्याला रात्री कोणाला उठवावयाचे हे ठाऊक असले पाहिजे. त्या माणसाला सायबर सुरक्षा विश्लेषक म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या डिजिटल व्याप्तीनुसार तिचे चार स्तर ठरविले. आपल्या भागात सहकारी बँका किती आहेत हे मी सांगावयास नको. तुमच्यापैकी काही जण त्यांच्या संचालक मंडळावर आहेत. पुढे एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने असा आदेश काढला की, हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तो कळविला पाहिजे आणि संगणकांच्या नोंदी एकशे ऐंशी दिवस जपून ठेवल्या पाहिजेत. कायद्याने नोंदी ठेवावयाच्या म्हटले की त्या वाचणारा माणूस लागतोच. व्यवसाय म्हणून या क्षेत्राला आलेली मागणी या अशा गोष्टींमधून आली आहे.

विश्लेषकाचा दिवस कसा असतो, ते आता थोडक्यात सांगतो. मोठ्या संस्थांमध्ये सुरक्षा नियंत्रण कक्ष असतो. त्याला आम्ही एसओसी म्हणतो. संस्थेतील प्रत्येक संगणक, प्रत्येक दरवाजा, प्रत्येक ईमेल आपापल्या नोंदी तेथे पाठवीत असतो. त्या लाखो नोंदींमधून एक आज्ञावली संशयास्पद वाटणाऱ्या निवडून पुढे करते. त्यांतील बहुतांश सूचना खोट्या निघतात. कोणी पासवर्ड विसरलेला असतो, कोणी गावी जाऊन काम करीत असतो. खरी मेख येथे आहे. शंभर वेळा लांडगा आला नाही म्हणून एकशे एकाव्या वेळी न पाहणे, हा या कामातील सर्वांत मोठा धोका.

एक उदाहरण देतो, म्हणजे विद्यार्थ्यांना गोडी लागेल. विंडोज प्रणालीत प्रत्येक घटनेला एक क्रमांक असतो. ४६२५ म्हणजे प्रवेशाचा फसलेला प्रयत्न. ४६२४ म्हणजे यशस्वी प्रवेश. समजा, पहाटे पावणेतीन वाजता लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याच्या नावावर तीनशे वेळा ४६२५ दिसले. काही बिघडलेले नाही, दार बंद आहे. पण त्यानंतर एकदाच, फक्त एकदा, ४६२४ दिसले, तर विश्लेषकाने खुर्चीतून उठले पाहिजे. आणि त्यानंतर थोड्याच वेळात ११०२ हा क्रमांक दिसला तर? ११०२ म्हणजे नोंदवहीच पुसून टाकली गेली. कीर्दीचे पान फाडलेले दिसल्यावर मुनिमाला जे कळते, तेच आम्हाला त्या क्रमांकावरून कळते. अशा वेळी तो संगणक जाळ्यातून तोडावयाचा की चोराचा हेतू कळेपर्यंत थांबावयाचे, हा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. तोडला तर बँकेचे काम अडेल. न तोडला तर काय होईल हे सांगता येत नाही. आणि हे सर्व झाल्यावर, काय पाहिले, किती वाजता पाहिले, काय केले, हे स्वच्छ भाषेत लिहून काढावे लागते. माझ्या हाताखाली आलेल्या मुलांपैकी संगणकात हुशार पुष्कळ होती. चार परिच्छेदांचा नीट अहवाल लिहिणारी फारच थोडी. बढती त्यांना लवकर मिळाली. म्हणून भाषेच्या तासाला दांडी मारणाऱ्यांनी सावध व्हावे.

आता वाटेविषयी. अभियांत्रिकीची पदवी असलीच पाहिजे असे नाही, पण पाया मात्र हवा. दोन संगणक एकमेकांशी कसे बोलतात, हे ज्याला कळत नाही त्याला त्यांचे भांडण सोडविता येणार नाही. पोर्ट ४४३ वरून सुरक्षित संकेतस्थळे चालतात, ५३ वरून नावांचे पत्ते शोधले जातात, ३३८९ वरून दुरून विंडोज संगणक चालविता येतो. हे पाठ करण्यापेक्षा वायरशार्क नावाची विनामूल्य आज्ञावली उतरवून घ्या आणि आपल्याच संगणकातून काय ये-जा करते ते एक संध्याकाळ पाहत बसा. लिनक्स शिका; तेही विनामूल्य आहे. पायथन भाषेत छोटी कामे करता आली की पुरे, मोठे प्रोग्रामर होण्याची गरज नाही. घरातील एका साध्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स घालून दोन-तीन काल्पनिक संगणक उभे करता येतात; एकावरून हल्ला करावयाचा, दुसऱ्यावर त्याच्या खुणा शोधावयाच्या. मायटर या अमेरिकन संस्थेने हल्लेखोरांच्या पद्धतींची एक मोठी सूची कोणालाही वाचावयास खुली ठेवली आहे. मुलाखतीत आम्ही प्रमाणपत्रांपेक्षा 'घरी काय करून पाहिले ते सांग' असे अधिक विचारतो, आणि उत्तर देताना मुलाचे डोळे चमकतात की नाही तेही पाहतो.

तरीही प्रमाणपत्रांना मोल आहे. सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीला बरे; जाळ्यांचा पाया पक्का करावयास सीसीएनए चांगले. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकचा संगणकीय पायाभूत सुविधा व सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यास प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सीआयएसएसपी हे नाव जाहिरातींत फार दिसते, पण त्यासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवी असल्यास एक वर्षाची सूट मिळते. नवशिक्याला ते कोणी देऊ करीत असेल तर तो फसवीत आहे असे समजावे. येथे पालकांना हात जोडून एक विनंती आहे. 'तीस दिवसांत एथिकल हॅकर, नोकरीची हमी' अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही लागल्या आहेत. शेत गहाण टाकून, दागिने मोडून अशा वर्गांची फी भरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. हातात येते ते एक चकचकीत प्रमाणपत्र आणि चार आज्ञावलींची नावे. फी भरण्यापूर्वी त्या वर्गातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या तीन मुलांना स्वतः भेटा. ती कोठे आणि कोणत्या कामावर आहेत ते विचारा. एवढी चौकशी आपण सोयरीक जमविताना करतोच.

वाणिज्य शाखेच्या मुलांनी हिरमुसू नये. या क्षेत्राचा एक मोठा भाग तपासणीचा आहे. संस्थेने नियम केले, पण ते पाळले जातात का? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते बंद झाले का? पैसे मंजूर करणारा आणि पाठविणारा एकच माणूस तर नाही ना? ही दृष्टी लेखापरीक्षकाची आहे. सनदी लेखापालांसाठी त्यांच्या संस्थेचाच माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रम आहे, आणि 'सीसा' ही परीक्षा जगभर मानली जाते. समाजातील इतकी मुले सीए होतात, त्यांपैकी काहींनी इकडे वळावे असे मला फार वाटते.

सर्व काही गोड आहे असे मात्र मी सांगणार नाही. नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो, आणि पहिली दोन-तीन वर्षे पाळ्या चुकत नाहीत. मागे एका ओळखीच्या घरी मुलीची आई मला म्हणाली, "दादा, पगाराचं राहू द्या, हिचा चोविहार कसा सांभाळायचा ते सांगा." हसण्यासारखा प्रश्न नाही हा. दुपारी दोन ते रात्री दहा ही पाळी असेल तर सूर्यास्तापूर्वी अर्ध्या तासाची सुटी लागते. माझा अनुभव असा की, रुजू होतानाच स्पष्ट सांगितले तर ती मिळते. लपवाछपवी करून डबा उघडणाऱ्याची मात्र पंचाईत होते. रात्रपाळी असेल तर प्रश्न उलट सोपा, कारण घरूनच जेवून निघता येते. पण पहाटेपर्यंत जागरण आणि अन्न-पाणी नाही, हे प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवेल असे नाही. ज्याला मानवत नाही त्याने तपासणीची किंवा सल्ल्याची वाट धरावी, तेथे काम दिवसाचे असते. मुलींच्या बाबतीत, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्रीच्या कामासाठी त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन या गोष्टी मालकावर बंधनकारक केल्या आहेत. त्या मिळतात का, हे नेमणूकपत्र घेतानाच विचारावे, संकोच करू नये.

दुसरी अडचण नवी आहे. पहिल्या पायरीवरील सूचना चाळण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली करू लागल्या आहेत. दहा वर्षांपूर्वी नवशिक्याला जे काम देऊन शिकविले जाई, त्यातील बरेचसे यंत्राकडे गेले. याचा अर्थ दार बंद झाले असा नाही, पण पहिली पायरी उंच झाली आहे. वरवर शिकून येणाऱ्याला पूर्वी जागा होती, आता ती कमी होत आहे. म्हणूनच मी पायावर इतका भर देतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम वेळ मागून घेतला, ती गोष्ट. या विद्येत कुलूप उघडण्याचे ज्ञान आधी येते आणि शहाणपण नंतर. मार्कस हचिन्स नावाचा इंग्लंडमधील एक तरुण. कोणतीही पदवी नाही. समुद्रकाठच्या एका लहान गावात आईवडिलांच्या घरी बसून काम करणारा. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. दीडशेच्या आसपास देशांतील संगणक बंद पडू लागले, इंग्लंडमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. हचिन्सने ती आज्ञावली उलगडून पाहिली, तेव्हा ती एका विचित्र, कोणीच न घेतलेल्या संकेतस्थळाचे नाव शोधते आहे असे त्याला दिसले. त्याने सुमारे अकरा डॉलर भरून ते नाव स्वतः नोंदविले. आज्ञावलीला उत्तर मिळाले आणि तिचा प्रसार थांबला. बावीस वर्षांचा मुलगा एका दिवसात जगाच्या कौतुकाचा विषय झाला.

तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, अमेरिकेत एका परिषदेहून परतताना त्याला अटक झाली. लोकांच्या बँक खात्यांची माहिती चोरणारी क्रोनोस नावाची आज्ञावली त्याने त्यापूर्वी काही वर्षे, अगदी कोवळ्या वयात, लिहिली होती. एप्रिल २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी त्याने नंतर केलेले काम लक्षात घेऊन त्याला आणखी तुरुंगवास दिला नाही. पण दोन वर्षे परक्या देशात खटल्याच्या छायेत गेली ती गेलीच.

आपल्याकडे प्रत्येक न्यायाधीश इतका वेळ देईल याची खात्री कोणी धरू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे बेकायदेशीर आहे, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ अन्वये तो तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. 'मी काही चोरले नाही, फक्त शिरून दाखविले', हे तेथे उत्तर होऊ शकत नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळात शिरून गुण पाहणे, मित्राचे खाते गमतीने उघडणे, बहिणीच्या फोनमध्ये काही बसविणे हे सर्व त्यातच येते. परवानगी हवी, आणि ती लेखी हवी. आम्ही व्यवसायात एखाद्या बँकेची चाचणी घेतो तेव्हा कोणता संगणक, कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत, हे सर्व करारात लिहिलेले असते आणि त्यापलीकडे एक पाऊल टाकले जात नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रात्रभर संगणकासमोर बसतो याचे कौतुक करणाऱ्या पालकांनी, तो नेमके काय करतो हे एकदा शेजारी बसून विचारावे. त्याला रागवू नये. त्याच्याकडून समजून घ्यावे. तो आनंदाने सांगेल. ज्या दिवशी तो सांगणे टाळू लागेल, त्या दिवशी माझ्यासारख्या कोणाकडे तरी त्याला घेऊन यावे.

जाता जाता विश्वस्तांची क्षमा मागून एक गोष्ट बोलतो. आपल्या समाजाच्या स्मरणिकांत सभासद कुटुंबांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि भ्रमणध्वनी क्रमांक छापण्याची जुनी परंपरा आहे. सोयरिकीसाठी, सुखदुःखाच्या निरोपासाठी तिचा उपयोग झाला हे मला मान्य आहे. परंतु आज फसविणाऱ्याला याहून चांगली तयार यादी मिळणार नाही. 'पोलीस बोलतो आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे', असे सांगून ज्येष्ठांची आयुष्याची पुंजी लुबाडली जाते, तेव्हा समोरच्याला घरातील माणसांची नावे ठाऊक असतात म्हणूनच विश्वास बसतो. कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा, आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता अधिक. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले, आणि त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतात. वसतिगृहाच्या प्रवेश अर्जांबरोबर आधारच्या ज्या प्रती आपण संगणकावर घेऊन ठेवतो, त्या कोण पाहू शकतो, मुले शिकून गेल्यावर त्या किती दिवस ठेवावयाच्या, याचा ठराव विश्वस्त मंडळाने अवश्य करावा. तो लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

विद्यार्थ्यांसाठी शेवटचे एक निवेदन आहे. अध्यक्षांनी वसतिगृहातील ग्रंथालयाची मागची खोली रविवारी सकाळी वापरण्याची अनुमती दिली आहे. येत्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी मी तेथे येणार आहे. शिकविणे विनामूल्य आहे. शाखा कोणतीही चालेल, दहावीच्या पुढील मुलामुलींनी यावे. तेथे आठ-दहा संगणक लागतील. अनेकांच्या कपाटांत जुने, हळू चालतात म्हणून ठेवून दिलेले लॅपटॉप पडून असतील. लिनक्स घातल्यावर ते शिकण्यापुरते उत्तम चालतात. देणाऱ्यांनी आतील माहिती पुसण्याचे काम आमच्यासमोर करून घ्यावे, तोच मुलांचा पहिला धडा होईल. इच्छुकांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत. फक्त नावे पुरेत. जन्मतारीख आणि आधार क्रमांक नकोत.